पैसेवारी गावाची, पीक आपले



खत-बियाण्याचा विषय या आठवड्यापुरता बाजूला ठेवतो. गेल्या भाद्रपदात माझे मेहुणे मुंबईहून तपासणी करून परतले, तेव्हा हातात फाइल होती आणि घरात रडारड. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, अवस्था तिसरी. भाच्याने बैलजोडी विकायची बोलणीही सुरू केली होती. मेहुण्यांनी मला एवढेच विचारले, "अण्णा, किती दिवस राहिले ते सांगा."

मी डॉक्टर नव्हे. पण फाइल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि विचारून घेतले. त्यांचा हिशेब पुष्कळसा आपल्या पैसेवारीसारखा निघाला. नुसता पाऊस मोजून कोणी पैसेवारी लावत नाही, तसे नुसत्या अवस्थेवरून आयुष्याचा अंदाज बांधत नाहीत.

लिम्फोमाचे प्रकार अनेक. त्यांतल्या झपाट्याने वाढणाऱ्या नेहमीच्या प्रकारासाठी १९९३ साली अमेरिका-युरोपातल्या डॉक्टरांनी दोन हजारांवर रोग्यांच्या नोंदी पाहून पाच खुणा ठरवल्या. वय ६० च्या पुढे आहे का? रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत आहे का? रक्तात एलडीएच वाढले आहे का? ग्रंथींखेरीज हाडातला मगज, जठर अशा एकाहून अधिक जागी रोग आहे का? आणि रोग्याचा कामधंदा सुटला आहे का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. गुण जितके जास्त तितके दुखणे अवघड. तेव्हाच्या औषधांवर एका गुणापर्यंतचे शंभरातले ७३ रोगी पाच वर्षांनी हयात होते, चार-पाच गुणांचे २६.

मेहुण्यांचे वय ५८, स्वतः चालत दवाखान्यात गेलेले. अवस्थेचा एक आणि एलडीएचचा एक, असे गुण दोनच. घरच्यांनी मात्र "तिसरी" एवढाच शब्द ऐकला होता.

शिवाय बियाणे बदलले की उताऱ्याचा जुना अंदाज चालत नाही. रिटुक्सिमॅब हे औषध जोडीला आल्यावर कॅनडातल्या रोग्यांची मोजणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीन ते पाच गुणांचे, म्हणजे सर्वांत अवघड गटातलेही, निम्म्याहून अधिक चार वर्षांनी हयात होते. अर्थात पैसेवारी गावाची निघते. आपल्या बांधाच्या आत काय पिकेल ते ती सांगत नाही. औषधाच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा तपासणी करतात. ती आपली सुधारित पैसेवारी समजा.

या पाच खुणांत वय आपल्या हातचे नाही. पण रोगी चालता-फिरता असताना पोचतो की अंथरुणाला खिळल्यावर, हे बरेचसे घरच्यांवर असते. मेहुण्यांच्या मानेतली गाठ फाल्गुनातच दिसली होती. दुखत नव्हती, म्हणून शेक दिला. मग एका ठिकाणी गंडमाळ समजून, तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे ही लक्षणे दोन्ही रोगांत असतात, त्यामुळे चार महिने कोणाला शंका आली नाही. पायाला जखम होऊन जांघेत आलेले अवधाण काही दिवसांत बसते. महिनाभर न बसणारी, न दुखणारी गाठ असेल तर ती काढून तपासून घ्यावी. सुईच्या तपासणीने लिम्फोमाचा प्रकार पुष्कळदा नीट कळत नाही. खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

बैलजोडी विकली नाही. पौषात मेहुण्यांची सहावी फेरी झाली. केस गेले आहेत, तोंडाला चव नाही, चिडचिड मात्र पहिल्यासारखीच. पुढची तपासणी चैत्रात आहे. त्याआधी भाच्याला हरभरा काढायचा आहे, आणि मेहुणे बांधावर बसून त्याला सूचना देत असतात.