सीमा बघायला जाऊ, पण डोळे उघडे ठेवून

भाईंदरच्या आमच्या महिला मंडळाची दरवर्षी एक सहल निघते. कधी अष्टविनायक, कधी कोकण. या वेळी बैठकीत एका वहिनींनी नवाच बेत मांडला, "वाघा बॉर्डर!" लगेच टाळ्या पडल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, "पहलगाम विसरलात का गं?" आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांचा जीव गेला. त्यात महाराष्ट्रातले सहा होते आणि त्या सहांतले तिघे एकट्या डोंबिवलीचे. आपल्यासारखेच, सुट्टीत कुटुंबाला घेऊन गेलेले. तेव्हा काकूंच्या भीतीला हसण्यासारखं काही नाही. पण निर्णय नुसत्या भीतीवर घेऊ नये, तसाच नुसत्या टाळ्यांवरही घेऊ नये. म्हणून मी म्हटलं, आधी ती जागा काय आहे ते तर समजून घेऊ या.

पहिली गोष्ट म्हणजे वाघा हे गाव पाकिस्तानात आहे. आपण जातो ते अटारीला, अमृतसरपासून साधारण तीस किलोमीटरवर. १९५९ पासून तिथे संध्याकाळी दोन्हीकडचे जवान आपापला ध्वज उतरवतात. पहलगामनंतर या सोहळ्यातलं फाटक उघडणं आणि हस्तांदोलन बंद झालं. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं आणि प्रेक्षकांना प्रवेशच मिळेना. साधारण दोन आठवड्यांनी तो पुन्हा सुरू झाला. सांगायचं काय, तर सीमेवरचं वेळापत्रक टूरवाल्याच्या हातात नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण अर्धा-पाऊण तास घोषणा देऊन परत येतो, पण तिथे माणसं राहतात, संसार करतात. पंजाबात तारेचं कुंपण आपल्याच हद्दीत, थोडं आत घातलेलं आहे. त्याच्या पलीकडेही आपल्या शेतकऱ्यांची जमीन आहे. ओळखपत्र दाखवायचं, झडती द्यायची, ठरलेल्या वेळेत शेतात जायचं आणि परत यायचं. बायकांची झडती घ्यायची कोणी? म्हणून तर २००९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या महिला जवानांची पहिली तुकडी पंजाबच्या सीमेवर नेमली गेली. एप्रिल २०२५ च्या अखेरीला या शेतकऱ्यांना कुंपणापलीकडचा गहू घाईघाईने कापून न्यायला सांगितलं गेलं. वर्षाचं पीक आणि हातात दोन दिवस!

आपल्या उत्तनच्या कोळणींना हे लगेच कळेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, तपासणी वाढली. सीमेवर राहणाऱ्याला रोज सिद्ध करावं लागतं की मी इथलाच.

आणि सीमा आपल्या स्वयंपाकघरातही आहे बरं का. उपवासाला चालणारं सैंधव मीठ पूर्वी पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून अटारीमार्गे यायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही देशांतला व्यापार थांबला. अफगाणिस्तानचा सुका मेवा मात्र याच वाटेने येत राहिला, पण एप्रिल २०२५ मध्ये तिथली चेकपोस्टच बंद झाली. आपल्याला मीठ दुसऱ्या दुकानात मिळालं. पण अटारीला ट्रक उतरवणाऱ्या हमालाच्या घरात चूल कशी पेटत असेल? टीव्हीसमोर बसून "सगळं बंद करा" म्हणणं सोपं असतं. देशाच्या सुरक्षेसाठी कधी बंद करावंही लागतं, ते मलाही मान्य आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे तरी आपल्याला माहीत असावं.

मग जायचं की नाही? माझं मत, जायचं. सीमेवरच्या गावांना एकटं पाडणं ही काही देशभक्ती नव्हे. पण जायचं ते तयारीने. आम्ही चार गोष्टी ठरवल्या. पैसे परत मिळतील असंच आरक्षण करायचं आणि भिशीच्या पैशाला हात लावायचा नाही. मूळ ओळखपत्र जवळ ठेवायचं, पर्स-पिशव्या आत नेऊ देत नाहीत हे आधीच सगळ्यांना सांगायचं. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करायची, आणि प्रवेश बंद असेल तर कुरकुर न करता अमृतसरला थांबून तिथलं फाळणी संग्रहालय बघायचं. आणि जी येणार नाही तिला कोणी भित्री म्हणायचं नाही.

जाणार आहोत गोल्डन टेंपल मेलने. आपल्या भाईंदर स्टेशनातून धडधडत जाणारी ही गाडी १९२८ मध्ये फ्रंटियर मेल म्हणून सुरू झाली, तेव्हा थेट पेशावरपर्यंत जायची. फाळणीनंतर ती अमृतसरलाच थांबायला लागली. हे सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं नाव लिही बाई. पण पेन्सिलीने लिही."

मी सगळ्यांचीच नावं पेन्सिलीने लिहिली आहेत.