माथेरानची रिक्षा आणि मालकीचा प्रश्न

मोटारीचा धूर आणि भोंगा यांपासून मुक्त असलेले गिरिस्थान म्हणून माथेरानची ख्याती आहे. दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांच्या मोटारी थांबतात. तेथून पुढे सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर करण्यासारखे जे आहे ते सारे मोकळ्या आकाशाखालचे आहे. तांबड्या मातीच्या वाटांनी दाट झाडीतून चालावे, पॅनोरमा पॉइंटवरून सूर्योदय पाहावा, शार्लट तलावाच्या काठी घटकाभर विसावावे, मनात आले तर घोड्यावरून रपेट मारावी. मुंबईच्या गर्दीत वर्षभर पिचलेल्या माणसाला हा दोन दिवसांचा विसावा मिळत असेल तर त्यात गैर काहीच नाही. विश्रांती ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे. राबणाऱ्याचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे.

परंतु या मोकळ्या हवेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पर्यटनाच्या जाहिरातींत कधी विचारला गेला नाही. जेथे यंत्राला मज्जाव, तेथे माणूस जुंपला गेला. हातरिक्षा पुढून एकाने ओढायची, मागून दोघांनी रेटायची आणि आत बसलेल्याने वनश्री न्याहाळायची. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हे ठिकाण गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणले. साहेब गेला, माणसाने माणसाला वाहून नेण्याची त्याच्या अमदानीतली रीत मात्र मागे राहिली. चढावर धापा टाकणाऱ्या त्या तिघांना स्वातंत्र्याचा अर्थ कोणी समजावून सांगायचा होता?

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी ठरवली आणि ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खऱ्या रिक्षाचालकांची निश्चिती करावी, शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर त्यांना भाड्याने द्याव्यात, आणि निधी नाही ही सबब पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले. हा निर्णय स्वागतार्ह आहे यात शंका नाही. मात्र डिसेंबर २०२२ मध्येच माथेरानच्या रस्त्यावर ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावली होती. जे त्या वेळी शक्य होते ते नियमित होण्यासाठी पुन्हा न्यायासनाकडे धाव घ्यावी लागते, यातच राज्यकर्त्यांची श्रमिकांविषयीची आस्था दिसून येते.

आता खरी कसोटी पुढेच आहे. बंदी घालणे सोपे असते. बंदीनंतर चूल कशी पेटणार याची तजवीज करणे कठीण. न्यायालयाने या निकालात स्वतःच १९८० सालच्या अमृतसरच्या आझाद रिक्षाचालक युनियनच्या खटल्याचे स्मरण करून दिले आहे. पंजाब सरकारने १९७५ साली कायदा केला की रिक्षाचा परवाना ती स्वतः चालवणाऱ्या मालकालाच मिळेल. हेतू उदात्त होता. पण ज्याच्या गाठी पैसा नाही त्याने मालक व्हावे कसे? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा कायदा मोडीत काढला नाही. रिक्षाचालकाला कर्ज मिळावे आणि फेडीनंतर रिक्षा त्याच्या मालकीची व्हावी, अशी वाट त्यांनी काढून दिली. माथेरानने या धड्यातला अर्धाच भाग घेऊन चालणार नाही. भाड्याची ई-रिक्षा हा पहिला टप्पा ठीक. पण तो शेवटचा ठरला तर छातीवरचा भार उतरेल आणि मानेवरचे जू तसेच राहील. आज शासनाकडून भाड्याने, उद्या कंत्राटदाराकडून रोजंदारीने, असा हा उतार सर्वांच्या परिचयाचा आहे. तो रोखायचा तर रिक्षाचालकांची सहकारी संस्था आणि भाड्याच्या रकमेतून ठरावीक मुदतीत मिळणारी मालकी, ही मागणी आजच मांडली पाहिजे.

या मागणीला इतर कष्टकऱ्यांशी झुंजवण्याचा डाव खेळला जाईल, याचेही भान हवे. ई-रिक्षा आली तर आपली रोजी बुडेल, ही घोडेवाल्यांची भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. पायथ्याच्या वाड्यांतून भाजी आणि रानमेवा डोक्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या ठाकूर आणि कातकरी बाया तर कोणत्याच हिशेबात धरल्या जात नाहीत. उरलेल्या ई-रिक्षा गरजेनुसार आदिवासी स्त्रियांना द्याव्यात, ही न्यायालयाची सूचना म्हणूनच मोलाची आहे. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. म्हणून वाहनांची संख्या गरजेपुरतीच असावी आणि ई-रिक्षाच्या आडून मोटारीला वाट मिळू नये. वृद्ध, आजारी आणि शाळकरी मुले यांना वाहन हवेच; धडधाकट पाहुण्याने पायी चालावे. चालण्याचाच आनंद घेण्यासाठी तो येथे येतो ना?

भाई कोतवाल हे याच माथेरानचे सुपुत्र. नाभिक समाजात जन्मलेला हा वकील आझाद दस्ता उभारून परकीय सत्तेशी लढला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह धारातीर्थी पडला. त्यांच्या स्मारकावर दरवर्षी पुष्पचक्रे वाहिली जातात. कर्जत-नेरळ भागातील कार्यकर्त्यांनी आता त्याहून अवघड काम अंगावर घ्यावे. रिक्षाचालकांच्या यादीत बनावट नावे घुसू नयेत म्हणून पहारा ठेवावा, सहकारी संस्थेची बांधणी करावी, घोडेवाले आणि वाड्यांतील आदिवासी यांना एका बैठकीत आणावे. ज्या हातांनी इतकी वर्षे दुसऱ्यांना वाहिले, ते हात स्वतःच्या वाहनाचे मालक होतील तेव्हाच माथेरानची हवा खऱ्या अर्थाने मोकळी झाली असे म्हणता येईल.