प्रयोगशाळेचें कुलूप

शाळेंतील प्रयोगशाळेचें कपाट कुलुपांत कां असतें, असें आम्ही कित्येक चालकांस विचारलें. परीक्षानळी फुटेल, आम्ल उडेल, पालक तक्रार करतील, हें उत्तर! सबब गुरुजींनीं फळ्यावर चित्र काढावें व मुलांनीं तें उतरून घ्यावें. कोरड्या विहिरींत पोहणें शिकविण्याचाच हा प्रकार होय.

तीव्र गंधकाम्ल पाण्यांत थोडथोडें घालावें, आम्लांत पाणी कदापि ओतूं नये. कारण उत्पन्न होणाऱ्या उष्णतेनें तें पाणी जागच्या जागीं उकळून आम्लासह अंगावर उडतें. हें मुलें घोकतात. परंतु गुरुजींच्या देखरेखीखालीं चंचुपात्र तापूं लागलेलें ज्यानें अनुभविलें, त्याला तें घोकावें लागत नाहीं. स्पिरिटचा दिवा फुंकून न विझवितां टोपणानें विझविणें, तापत्या नळीचें तोंड शेजाऱ्याकडे न करणें, ह्या हाताच्या संवयी आहेत. त्या वहींत उतरत नाहींत.

कुंभकोणम् येथील शाळेस २००४ सालीं आग लागून ९४ मुलें मृत्युमुखीं पडलीं. आग प्रयोगशाळेची नव्हती, स्वयंपाकघराची होती. परंतु त्या प्रकरणांतून उद्भवलेल्या अर्जावर २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचें ठरविलें. कुलूपवाल्यांनीं ह्यांतला अर्धाच भाग वाचलेला दिसतो.

मग लागतें काय? डोळ्यांस चष्मे, वाळूची बादली आणि वाहत्या पाण्याचा नळ. डोळ्यांत आम्ल गेल्यास निदान १५ मिनिटें त्याच धारेखालीं डोळा धुवावयाचा असतो. वर्गखोलीवर नांवाची शिळा बसविणाऱ्या व्यापारी बंधूंस चष्म्यांवर नांव कोरतां येणार नाहीं, ही अडचण खरी. तथापि त्यांनीं उद्यां शाळेंत जाऊन कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे, एवढें तरी विचारावें.