अभ्यास कोणाचा आणि कोणासाठी?

म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी बेट्टदपुर वसले आहे. कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. ‘बेट्ट कुरुब’ या आदिवासी जमातीच्या नावातही तोच शब्द आहे. आणि मधाला ‘जेनु’ म्हणतात म्हणून दुसरी जमात ‘जेनु कुरुब’. हुणसूर, हेग्गडदेवनकोटे, पिरियापट्टण आणि शेजारचा कोडगू जिल्हा या पट्ट्यात त्यांच्या ‘हाडी’, म्हणजेच वस्त्या, विखुरलेल्या आहेत. या परिसरातून म्हैसूरच्या विद्यापीठाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याने अशा जनसमूहांचा अभ्यास हा विषय निवडला, तर त्याच्या हाती काय येईल? प्रश्न केवळ पोटापाण्याचा नाही.

या विद्येचा जन्म आपल्याकडे वसाहतवादी राजवटीच्या गरजेतून झाला. थर्स्टन या अधिकाऱ्याने दक्षिणेतील जाती-जमातींवरचे सात खंड 1909 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागे माणसांची डोकी आणि नाके मोजण्याचा उद्योग होता. त्याआधी 1871 च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. राज्यकर्त्यांना प्रजेची नोंद हवी होती, तिचे गाऱ्हाणे नको होते.

परंतु या विषयाची दुसरी, लढाऊ परंपराही आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समूहांच्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 1968 पासून मार्च 1969 पर्यंत संप केला आणि स्वतःच्या इतिहासाच्या अध्यापनासाठी स्वतंत्र विभाग मिळवला. महाराष्ट्रात तर 1945 च्या वारली उठावाने वेठबिगारीवर घाव घातला. आणि त्या लढ्यात उभे आयुष्य वेचलेल्या गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 मध्ये आले. वारल्यांविषयीचे हे ज्ञान मोजपट्टीने नव्हे, तर सहजीवनाने मिळालेले आहे.

आज या विषयाच्या पदवीधराला वाटा नाहीत, असे नाही. भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण ही 1945 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे आणि तिचे केंद्र म्हैसूरमध्येही आहे. याच शहरात 1969 पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि कर्नाटकची आदिवासी संशोधन संस्थाही आहे. पुण्यात महाराष्ट्राची अशीच संस्था आहे. अध्यापन, वस्तुसंग्रहालये, भाषांचे दस्तऐवजीकरण आणि मानववंशशास्त्र हा विषय घेऊन दिली जाणारी केंद्रीय लोकसेवा परीक्षा, ही क्षेत्रेही आहेत. मात्र या खुर्च्यांवर बसणारा कोणाच्या बाजूने लिहितो, हे महत्त्वाचे.

त्याची कसोटी नागरहोळेच्या जंगलात लागते. 2006 च्या वनाधिकार कायद्याखालील नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, पवित्र वृक्ष आणि दफनभूमी हेसुद्धा पुरावे मानले जातात. ते शोधणे, नकाशावर मांडणे आणि जबाब अचूक उतरवणे, हे प्रशिक्षित अभ्यासकाचेच काम आहे. मे 2025 मध्ये जंगलातून पूर्वी हुसकावलेल्या सुमारे पन्नास जेनु कुरुब कुटुंबांनी कोडगू जिल्ह्यातील आपल्या जुन्या जागी परतून झोपड्या उभारल्या. त्यांच्या पूर्वजांची थडगी कोठे आहेत, हे त्यांना तोंडपाठ आहे. परंतु सरकारी दप्तराला कागद हवा असतो. तो कागद लिहिणारा हात त्यांच्याच मुलामुलींचा का असू नये?

म्हणून केवळ नवे अभ्यासक्रम काढून भागणार नाही. आदिवासी विद्यार्थ्यांना वेळेवर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळाले पाहिजे, संशोधन संस्थांतील पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत, आणि ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्या भाषेत, त्यांच्या ग्रामसभेपुढे, त्याचे निष्कर्ष ठेवले गेले पाहिजेत. हाडीतून आलेली मुलगी उद्या विद्यापीठात विषयाची प्राध्यापक म्हणून उभी राहील, तेव्हाच या विद्येचे वसाहतवादी ऋण फिटेल. विद्यार्थी व आदिवासी संघटनांनी ही मागणी एकजुटीने हाती घेतली पाहिजे.