बहिष्कार कोणी, कोणावर?

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. हंगाम बुडाला म्हणून कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळाली नाही, उलट सप्टेंबर १८८० मध्ये जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच महिन्यात आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी बोलणंचालणं तोडा. मेयोच्या लोकांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावर केला. मजूर आणि नोकर निघून गेले, दुकानदार माल देईनात. पिकं काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे १,००० शिपाई. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. मागे राहिलं ते क्रियापद.

कृती मात्र शब्दाच्या आधीची, आणि ती आपल्याकडेही घडली होती. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून कर्जदाराचं घर पाडलं. गावाने सावकारांच्या दुकानांतून खरेदी थांबवली, त्यांची शेतं कसायची नाहीत असं ठरवलं. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार कुणीच त्यांचं काम करेना. हा बहिष्कार पुढे पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याकडे पसरला. मे १८७५ मध्ये सुप्यात दंगे पेटले ते यानंतर.

दोन्हीकडचे लोक गरीब होते. मेयोच्या मजुरांनी मजुरी सोडली, कर्ड्याच्या बलुतेदारांनी मिळकत सोडली. त्यांनी आधी स्वतःचं नुकसान सोसलं. त्यांची मागणीही समोरच्याला मान्य करता येण्यासारखी होती: खंड कमी कर, घरदार हिसकावू नकोस.

आपल्या गावांनी हेच हत्यार शतकानुशतकं उलट्या दिशेनेही चालवलं. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यायल्यावर अनेक गावांत दलितांचं काम, किराणा, वाट बंद झाली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ होतं. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. इथे बहिष्कार टाकणाऱ्याचं काहीच जात नव्हतं. ज्याच्यावर टाकला त्याला दुसरं गाव नव्हतं, दुसरी विहीर नव्हती. आणि मागणी काय, तर माणूस म्हणून जगणं सोड.

म्हणून एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी मांडायला माझी तयारी नाही. बहिष्कार टाकणारा किंमत मोजतो का आणि ज्याच्यावर तो पडतो त्याच्याकडे सत्ता आहे का, एवढं पाहिलं तरी प्रतिकार कोणता आणि छळ कोणता हे कळतं. एखाद्या कारखानदाराचा माल न घेणं हा नागरिकाचा हक्क आहे. परजातीत लग्न केलेल्या मुलीच्या आईवडिलांना जातपंचायतीने वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, आणि आता तर कायद्यानेही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण वाळीत पडलेल्या घराने एकट्याने पोलीस ठाण्याची पायरी चढणं सोपं नसतं. तक्रारीला त्यांच्याबरोबर जा. त्यांच्या दुकानातून सामान घ्या, त्यांच्या घरचं लग्न असेल तर पंगतीला बसा. पंचायतीचा हुकूम चालतो तो शेजारी पाळतात म्हणूनच. शेजाऱ्यांनी तो पाळायचं नाकारलं, की पंचांच्या हातात काही उरत नाही.