भिजत घोंगडें

अलीकडे एक उपदेश फार स्वस्त झाला आहे. खेड्यांतील तरुणानें शहराकडे धांवूं नये, वडिलार्जित हस्तकौशल्य जोपासावें आणि त्यावरच सुखानें उदरनिर्वाह करावा, असें आमच्या सुशिक्षित वर्गांतील लोक व्यासपीठावरून सांगत असतात. उपदेशकाच्या स्वतःच्या चिरंजीवास तो लागू नसतो, हें निराळें. आम्ही या उपदेशाचा एकदां हिशेब मांडूं इच्छितों.

आंबेगांव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणीचा मुलूख घ्या. पाण्याची ओढ कायमचीच. धामणीस खंडोबाचें ठाणें. आणि माळरानावर मेंढरें. अशाच मेंढरांच्या राठ लोकरीपासून दख्खनची घोंगडी होते. वर्षांतून दोनदां मेंढरें कातरावयाचीं, लोकर निवडून पिंजावयाची, बायकांनीं ती चरख्यावर कातावयाची, ताण्यास चिंचोक्याची खळ द्यावयाची, आणि मग सनगरानें किंवा खुटेकर धनगरानें खड्ड्यांतल्या मागावर बसून ती विणावयाची. या साऱ्या कामाचे मिळून आठच दिवस धरले व रोजची मजुरी ४०० रुपये धरली, तरी लोकरीची किंमत सोडून ३२०० रुपये होतात. हा आंकडा ऐकून आमचीं कुटुंबें दचकतात! पानिपतचें यंत्रावरील ब्लँकेट कितीतरी स्वस्त मिळतें, असें तीं म्हणतात. मिळतें खरें, आणि थंडीनें कुडकुडणाऱ्या गरिबानें तें घेतलें तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण ज्यास ऐपत आहे त्याचें काय? तो प्रदर्शनांत घोंगडी हातीं घेऊन 'काय ही कला!' असे उद्गार काढतो आणि लगेच ती निम्म्या भावानें मागतो. हाच गृहस्थ दंतवैद्याची फी मात्र निमूटपणें मोजतो. आम्हां प्राध्यापकांची मजुरी वेतन आयोग ठरवितो. विणकराची मजुरी गिऱ्हाइकाच्या लहरीवर. एखाद्या कामास 'कला' म्हटलें कीं त्याचा रोज देण्याची जबाबदारी संपते, असा आमचा समज दिसतो. इकडे देशी लोकरीस भाव उरला नाहीं म्हणून पुष्कळ ठिकाणीं मेंढपाळ ती कातरून फेंकून देतात.

जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या इटालियन कंपनीनें कोल्हापुरी धर्तीच्या चपला, प्रारंभीं मूळाचा उल्लेखहि न करतां, मांडल्या. त्या वेळीं आमच्या समाजांत केवढा गहजब झाला! २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या वस्तूविषयींचा तो राग रास्तच होता. परंतु रागावलेल्या मंडळींपैकीं कितीजणांनीं कोल्हापूरच्या दुकानांत घासाघीस न करतां चप्पल घेतली आहे?

कोणी म्हणेल, भाव वाढला तर माल खपणार नाहीं व धंदा बुडेल. धंदा स्वस्ताईनेंहि बुडतो. जुन्नरच्या हातकागदाची एके काळीं महाराष्ट्रभर ख्याति होती. जुन्या दप्तरांतील तसल्या कागदावरचीं अक्षरें आजहि ठसठशीत दिसतात. यंत्राचा कागद आला, कचेऱ्यांनीं व पेढ्यांनीं तो घेतला, आणि जुन्नरचा कागदी मागें पडला. पुढें १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था निघाली. तोंवर जुन्नरची भरभराट केव्हांच मावळली होती. आतां आम्ही त्या कागदावर निबंध वाचतों, अर्थात् यंत्राच्या कागदावर छापलेले.

घोंगडीचेंहि असेंच भिजत घोंगडें ठेवावयाचें नसेल, तर एक साधी गोष्ट करून पाहावी. आमच्या महाविद्यालयांत व साहित्यसभांत पाहुण्यास शाल-श्रीफळ देण्याचा प्रघात आहे. ती शाल बहुधा कृत्रिम धाग्याची, यंत्रावरची, आणि घरीं जातांच कपाटांत पडणारी असते. वर्षांतून चार सत्कार कमी करावे, आणि उरलेल्या पाहुण्यांच्या खांद्यावर हातमागाची घोंगडी घालावी. विणकर सांगेल तो भाव देऊन घेतलेली. ती अंगाला टोंचते, असा आक्षेप येईल. टोंचते खरी, वापरीत गेलें म्हणजे मऊ होते.