रेकॉर्ड राहिली, वही गेली

मोर्णेवरचा दगडी पूल ओलांडून अकोल्याच्या जुन्या शहरात शिरले, की जयहिंद चौकाच्या आसपास अजून काही माडीची घरे उभी दिसतात. त्यातल्या एका माडीवर रविवारी संध्याकाळी पाच-सहा माणसे जमतात. एक निवृत्त तारमास्तर, एक जिनिंग फॅक्टरीतले मुनीम, एक रेडिओ दुरुस्त करणारे, एक शाळामास्तर आणि अधूनमधून येणारे आणखी एक-दोघे. सगळे सत्तरीच्या पुढचे. मध्ये रेकॉर्ड प्लेअर, भिंतीशी लाकडी कपाटात उभ्या लावलेल्या तबकड्या आणि चहाचे कप. अकोल्याच्या मे महिन्यात आडवी ठेवलेली तबकडी पापडासारखी वाकते, म्हणून ती उभीच ठेवायची, हा इथला पहिला धडा. बाहेरच्याला वाटावे, म्हातारी माणसे वेळ घालवत बसली आहेत. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

एकदा भंगारात मिळालेली एक तबकडी घेऊन मी तिथे गेलो. लेबल अर्धे उखडलेले, नावांची जागा कोरी. गाणे लताबाईंचे, अशी माझी खात्री होती. सुई टेकली. पहिले कडवे संपायच्या आत मुनीमजींनी हात वर केला.

"थे लता नोय भाऊ, सुमन होय."

"काहून म्हणता?"

"आयका न. श्वास कुठी घेते थे आयका."

तारमास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरली, लेबलाच्या कडेला कोरलेला बारीक क्रमांक भिंगातून वाचला आणि आपली वही उघडली. तोच क्रमांक वहीत होता. चित्रपट, संगीतकार, साल आणि गायिका : सुमन कल्याणपूर. मुनीमजींचा कान खरा ठरला, पण तो वहीने खरा ठरवला. "ज्याचं गाणं, त्याचं नाव. बस्," एवढेच तारमास्तर म्हणाले.

हा हट्ट वरवर क्षुल्लक वाटतो. गाणे ऐकावे, आनंद घ्यावा, कोणाचे का असेना! पण ज्याचे नाव गेले, त्याला विचारून पाहावे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात रॉयल्टीवरून बिनसले आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीते सुमनताईंच्या वाट्याला आली. 'राजकुमार' (१९६४), 'जब जब फूल खिले' (१९६५), 'ब्रह्मचारी' (१९६८) या चित्रपटांतली त्यांची गाणी घरोघर वाजली. पण रेडिओवर प्रत्येक वेळी गायिकेचे नाव सांगितले जाई असे नाही आणि आवाजातले साम्य असे, की ऐकणारा लताबाईंचे नाव घेऊन मोकळा होई. सुमनताईंना पद्मभूषण मिळाला २०२३ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीनंतर. तोवर त्यांचे गाणे त्यांच्या नावावर राखण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत अशा माड्यांवरचे श्रोते होते.

लेबलावर विसंबावे, तर लेबलही दर वेळी खरे बोलत नाही. 'महल' (१९४९) मधल्या ज्या गाण्याने लताबाईंना देशभर ओळख दिली, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या नायिकेचे नाव! साठच्या दशकात 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५), 'तांबडी माती' (१९६९) या मराठी चित्रपटांना संगीत दिले 'आनंदघन' यांनी. हे आनंदघन म्हणजे स्वतः लताबाई. आणि वाद्ये वाजवणाऱ्यांचे काय? शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ रचणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांचे नाव किती तबकड्यांवर छापले गेले? गाणे सगळ्यांनी ऐकले आणि घडवणाऱ्यांची नावे मात्र तोंडातोंडी राहिली.

अकोला-अमरावतीच्या लोकांना हा नाद लागला कसा? याचे श्रेय काही अंशी सरकारलाच द्यावे लागेल. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली, पण तोवर वऱ्हाडातल्या एका पिढीला सवय लागली होती : बुधवारी रात्री रेडिओशी कान लावून बसायचे आणि हाती पेन्सिल-वही ठेवायची. गाणे पुन्हा केव्हा लागेल याचा भरवसा नाही, आवाज मध्येच विरायचा, म्हणून जे ऐकू आले ते लगेच टिपायचे. आजच्या वह्यांचे मूळ त्या खरखरीत आहे.

वीज सगळीकडे पोचलेली नव्हती. म्हणूनच आपल्याकडे किल्ली देऊन वाजवायच्या ग्रामोफोनसाठी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत राहिल्या. इंग्लंडमध्ये त्या बंद पडल्या होत्या. याचा एक गमतीचा परिणाम असा, की बीटल्सची गाणी ७८ च्या तबकडीवर निघाली ती भारतात, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात. लंडनच्या संग्राहकाला ज्या तबकडीसाठी आज खिसा रिकामा करावा लागतो, ती इथल्या एखाद्या गावातल्या ट्रंकेत घासत पडली असेल.

या नादाने खरोखर काही साधले का? एकच उदाहरण पुरे. १९७४ मध्ये गिनीज बुकाने लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाण्यांचा विक्रम नोंदवला. रफींनी हरकत घेतली, त्यांच्या बाजूने अठ्ठावीस हजारांचा आकडा पुढे आला. देशभर वाद रंगला, पण मोजून कोणी पाहिले नव्हते. मोजले कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी. नोकरी सांभाळून, देशभरच्या शौकिनांशी पत्रव्यवहार करून, गाण्यांच्या चोपड्या आणि तबकड्या पडताळून त्यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला. १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांचे पाच खंड झाले. त्या नोंदींवरून हिशेब केला, तर दोघांचीही हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरतात. इतर भाषा आणि गैरफिल्मी गाणी मिळवली, तरी पंचवीस हजार दूरच. १९९१ मध्ये गिनीजने ही नोंद वगळली. जे कंपनीने केले नाही, विद्यापीठांनी केले नाही, ते हौशी माणसांनी केले. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काढली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवले, तेही असेच पदरमोड करून.

मात्र शौकीन म्हटला, की तो माहिती वाटतोच असे नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या निग्रो गायकांच्या साठच्या दशकातल्या, कोणाला ठाऊक नसलेल्या तबकड्यांवर रात्र-रात्र नाचायची लाट आली होती. तिथले तबकडी लावणारे लेबलावर कोरा कागद चिकटवत, गायकाचे खोटे नाव सांगत. हेतू एवढाच, की दुसऱ्याला ती तबकडी सापडू नये. दुर्मिळतेला भाव असतो. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक तबकडी कंपनीने बाजारात आणलीच नाही. तिची एक प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. आपल्याला यात नवल वाटायला नको. शिष्यालाही चीज पुरती न सांगणारे उस्ताद आपल्याकडे होतेच. विष्णू नारायण भातखंडे यांनी दारोदार फिरून त्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापून सगळ्यांना खुल्या केल्या, तेव्हा अनेकांना ते रुचले नाही. जुन्या शहरातली ही माडी भातखंड्यांच्या वाटेवरची आहे. इथे येणाऱ्याला वही उघडून दाखवतात, उतरवून घेऊ देतात. अट एकच : नोंदीपुढे कोणी सांगितले ते लिहायचे. स्वतः पाहिलेल्या तबकडीला गोल खूण, नुसत्या ऐकीव माहितीला फुली. कान चुकतो, म्हातारपणी जास्तच चुकतो, हे त्यांना ठाऊक आहे. पुष्कळ फुल्या पुढे गोल झाल्या, काही खोडल्याही गेल्या.

आता या सगळ्याला एक नवे कारण मिळाले आहे आणि ते कायद्याचे आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० ची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली, १९६४ ची १ जानेवारी २०२५ ला आणि १९६९ ची १ जानेवारी २०३० ला होतील. दर नववर्षाला साठच्या दशकातले एकेक साल जनतेच्या मालकीचे होते. पण तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले असे नव्हे. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव आहेत.

इथेच प्रश्न येतो साल आणि नाव यांचा. जुन्या तबकडीवर साल क्वचितच छापलेले असते. ती १९६४ ची की १९६६ ची, हे ठरते क्रमांकाच्या मालिकेवरून, लेबलाच्या रंगावरून, कंपनीच्या मासिक यादीवरून, म्हणजे तारमास्तरांच्या वहीवरून. नावाचे तर विचारूच नका. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांत संपतो, पण त्या मुदतीत खरा कर्ता उघड झाला, तर तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. 'साधी माणसं' मधल्या चालींचे आनंदघन कोण हे कोणालाच कळले नसते, तर त्या २०२५ अखेर मोकळ्या झाल्या असत्या. लताबाई २०२२ मध्ये गेल्या, म्हणून त्या आता २०८२ अखेरपर्यंत राखीव आहेत. एका नावाने सत्तावन्न वर्षांचा फरक! आनंदघन प्रसिद्ध होते म्हणून कळले. ज्या अप्रसिद्ध संगीतकाराचे, कवीचे नाव एखाद्या वहीतच आहे, त्याच्या वारसांनी काय करावे?

हे मी लिहितो आहे ते अपराधी मनाने. माझ्या मामांना हाच नाद होता. ते गेल्यावर घर रिकामे करायचे काम माझ्याकडे आले. तबकड्या जपून बांधल्या, रिक्षात घातल्या आणि माडीवर नेऊन दिल्या. आपण मोठे चांगले काम केले, या भावनेत होतो. तारमास्तरांनी तबकड्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, "वही कुठी हाये?" वही? मामांच्या टेबलावर चार-पाच जाड वह्या होत्या खऱ्या. शाळेच्या जुन्या पुस्तकांबरोबर त्या किलोच्या भावाने रद्दीत गेल्या होत्या. मी दोन दिवस रद्दीवाल्याच्या मागे हिंडलो. माल पुढे गेला होता. तारमास्तर रागावले नाहीत. "रेकॉर्ड तं दुसरी भेटन," ते म्हणाले, "वही कुठून आनता?"

त्या वाक्यात या प्रश्नाचे सार आहे. तबकडी कारखान्यात हजारांनी निघाली, तिची एखादी प्रत कुठेतरी उरतेच. तिला आता किंमत आली आहे, म्हणून ती जपलीही जाते. मुंबईचे व्यापारी तिच्यासाठी वऱ्हाडापर्यंत येतात. वहीची प्रत एकच. तिला बाजारभाव नाही, म्हणून घरच्यांना ती कचरा वाटते. संग्राहकाच्या मागे वारस तबकड्या विकतो आणि वही फेकतो. खरे म्हणजे उलट झाले तरी एक वेळ चालेल.

उपाय फार मोठा नाही. प्रत्येक घरात आज मोबाइल आहे. घरात असे आजोबा, काका असतील, तर त्यांच्या वहीची पाने एका दुपारी टिपून होतील. गावच्या वाचनालयाने एक कपाट आणि एक संगणक या वह्यांसाठी राखावा. अमरावती विद्यापीठातल्या मराठीच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांनी एकेक वही घेऊन ती पडताळली, तर त्यांच्या प्रबंधालाही जिवंत विषय मिळेल. आणि हे करताना माडीवरचा नियम पाळावा : पाहिले ते वेगळे, ऐकले ते वेगळे आणि सांगणाऱ्याचे नाव शेजारी.

गेल्या महिन्यात तारमास्तरांच्या नातीने त्यांच्या वहीची पाने टिपायला घेतली. आजोबा शेजारी बसून अक्षर लावून देतात. मी माझी ती भंगारातली तबकडी घेऊन पुन्हा गेलो होतो. तिच्या नोंदीपुढे आता गोल आहे आणि 'कोणी सांगितले' या रकान्यात मुनीमजींचे नाव.